पडद्यावरची स्मृतिपरीक्षा आणि धाराशिवचे ज्येष्ठ

औषध लागू पडते की नाही, हे ठरवायचे तर आजार किती वाढला ते आधी मोजता यायला हवे. मधुमेहात रक्तातली साखर मोजतात, रक्तदाबात पारा किती चढला ते पाहतात. स्मृतिभ्रंशात मोजायचे असते ते माणसाचे आठवणे, लक्ष देणे, शब्द सुचणे, वाट ओळखणे. त्यासाठी गेल्या चाळीसेक वर्षांत कागद-पेन्सिलीच्या जोडीला संगणक आणि टॅबलेट आले. जगभरच्या औषधचाचण्यांत ते रुळले आहेत. उद्या असाच एखादा टॅबलेट तुळजापूर किंवा उमरग्याच्या रुग्णालयात एखाद्या आजींच्या पुढ्यात ठेवला, तर त्यावर उमटणारा आकडा काय सांगेल आणि काय सांगणार नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आजार किती पसरला आहे

भारतातील ज्येष्ठांच्या आरोग्याचा सर्वांत मोठा अभ्यास ‘लासी’ या नावाने ओळखला जातो. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने तो केला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशी ओलांडलेल्या सुमारे ७२ हजार लोकांच्या मुलाखती झाल्या. त्यातूनच साठीपुढच्या ४,०९६ जणांची स्मृती आणि विचारशक्ती अधिक खोलात तपासली गेली. या उपअभ्यासाला ‘लासी-डॅड’ म्हणतात. त्यावरून २०२३ मध्ये निघालेला अंदाज असा: देशातल्या साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त आहे.

धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास होती. त्यातले दहा टक्के लोक साठीपुढचे धरले आणि देशाचे सरासरी प्रमाण लावले, तर जिल्ह्यात सुमारे बारा हजार रुग्ण असावेत. हा केवळ ढोबळ हिशोब झाला. पण आठ तालुक्यांच्या, बव्हंशी ग्रामीण जिल्ह्यात हा आजार औषधाला सापडणार नाही असे मानायला जागा नाही. ‘म्हातारचळ लागलाय’, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून तो घराघरांत झाकला जातो, एवढेच.

या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चाळिशीपुढच्या २४,४८८ लोकांची तपासणी झाली होती आणि त्यातल्या पासष्टीपुढच्या गटात प्रमाण २.४४ टक्के निघाले होते. दोन अभ्यासांतली माणसे वेगळी, काळ वेगळा, आणि मोजण्याची रीतही वेगळी. कोणत्या साधनाने मोजले यावर उत्तर किती अवलंबून असते, ते यावरून कळते.

कागदापासून पडद्यापर्यंत

स्मृतीच्या चाचण्यांमध्ये सर्वाधिक वापरली गेलेली चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी तयार केली. एकूण गुण ३०, वेळ दहाएक मिनिटे. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. डॉक्टरच्या टेबलावर ती सोयीची आहे. औषधचाचण्यांसाठी १९८४ मध्ये ‘एडास-कॉग’ नावाची लांबलचक चाचणी आली. तिच्यात चुका मोजतात, त्यामुळे ७० पैकी गुण जितके जास्त तितका आजार जास्त.

दोन्हींत परीक्षक माणूसच असतो आणि अडचणही तिथूनच सुरू होते. एक परीक्षक शब्द सावकाश वाचतो, दुसरा भराभर. एखादा नकळत मान डोलावून उत्तर सुचवतो. बेरजेत चूक होते. शिवाय उत्तर यायला किती वेळ लागला याची कागदावर नोंद राहत नाही, आणि मेंदूचा वेग मंदावणे ही तर पुष्कळदा आधीची खूण असते.

१९८० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात बार्बरा सहाकियन, ट्रेव्हर रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कँटॅब’ हा स्पर्शपडद्यावरचा चाचणीसंच उभा केला. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये ‘कॉगस्टेट’ सुरू झाले. पुढे टॅबलेट स्वस्त झाले आणि अशा संचांची संख्या वाढत गेली.

पडद्यावर नेमके काय विचारतात

कँटॅबमधली एक प्रसिद्ध चाचणी जोड्या लक्षात ठेवण्याची आहे. पडद्यावर काही पेट्या दिसतात. एकेक पेटी उघडते, आत एखादी आकृती दिसते आणि पेटी मिटते. मग तीच आकृती मध्यभागी येते आणि ती कोणत्या पेटीत होती त्या पेटीला बोट लावायचे. सुरुवातीला पेट्या थोड्या असतात, पुढे वाढत जातात. अल्झायमर आजारात मेंदूचा जो भाग लवकर बिघडतो, त्याच्याशी या कामाचा जवळचा संबंध आहे.

कॉगस्टेटने पत्त्यांचा आधार घेतला आहे. पत्ता उलटला का? तो लाल आहे का? आत्ताचा पत्ता मागच्यासारखाच आहे का? हा पत्ता याआधी दिसला होता का? उत्तर फक्त हो किंवा नाही. वाचता-लिहिता येण्याची गरज कमी राहावी, हा त्यामागचा विचार. यंत्र उत्तर बरोबर की चूक हे तर नोंदवतेच, शिवाय ते किती मिलिसेकंदांत आले हेही टिपते. एकाच माणसाचा वेग कधी चढतो, कधी मंदावतो, तो चढउतारही दिसतो.

औषधचाचण्यांना हे का हवे

आजच्या औषधांचा फरक फार बारीक असतो. लेकॅनेमॅब या औषधाची मोठी चाचणी १,७९५ लोकांवर १८ महिने चालली. रुग्ण आणि त्याच्या जवळच्या माणसाशी बोलून आजाराची पायरी ठरवणाऱ्या १८ गुणांच्या मापनावर औषध घेणाऱ्यांची घसरण सरासरी १.२१ गुणांची झाली, न घेणाऱ्यांची १.६६ गुणांची. फरक ०.४५ चा. एवढा फरक ओळखायचा तर शेकडो केंद्रांवर, अनेक भाषांत, एकाच पद्धतीने मोजावे लागते. मापन ढिले असेल तर चांगले औषधही निकामी ठरू शकते, किंवा चाचणीत आणखी हजारभर माणसे घ्यावी लागतात.

संगणक इथे तीन प्रकारे उपयोगी पडतो. प्रत्येकाला सूचना आणि वेळ तीच मिळते. पुढच्या भेटीसाठी तितकाच कठीण पण वेगळा प्रश्नसंच तो काढून देतो, म्हणजे मागची उत्तरे पाठ होण्याची भीती कमी होते. आणि सगळी नोंद लगेच मध्यवर्ती केंद्राकडे जाते, त्यामुळे कुठल्या केंद्रावर काही गडबड आहे का ते लवकर कळते.

लक्षणे दिसण्याआधीच औषध देऊन पाहणाऱ्या ‘ए-फोर’ या चाचणीत आयपॅडवरचा संच वापरला गेला. ६५ ते ८५ वयाच्या ११६९ लोकांवर ती साडेचार वर्षे चालली. २०२३ मध्ये निकाल आला: सोलानेझुमॅब या औषधाने स्मृतीची घसरण रोखली नाही. या चाचणीचा मुख्य निकाल ठरला तो मात्र माणसाने घ्यायच्या चाचण्यांच्या एकत्रित गुणांवरून. लेकॅनेमॅबच्या वेळीही तसेच झाले. म्हणजे संगणकाची चाचणी आज बहुतेक ठिकाणी जोडीला असते. शेवटचा शब्द अजून तिच्याकडे गेलेला नाही.

बल्लभगढमध्ये काय बदलले

निरक्षर माणसाची स्मृती कशी तपासायची, हा प्रश्न भारतात संगणक येण्याआधीच सोडवायला घेतला गेला. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास चालू होता आणि तिथले बहुतेक ज्येष्ठ शाळेत गेलेले नव्हते. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्या ३० गुणांच्या चाचणीची हिंदी आवृत्ती प्रसिद्ध केली. साल कोणते याऐवजी आता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ असे विचारले. वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगितले. वाक्य लिहिण्याच्या ठिकाणी आपल्या घराविषयी काहीतरी बोला, एवढेच ठेवले.

यातला प्रत्येक बदल मूळ प्रश्न नेमके काय तपासतो याचा विचार करून केलेला आहे. वजाबाकीतून लक्ष टिकते का ते पाहायचे असते. ते वारांतूनही कळते, आणि वार सगळ्यांना ठाऊक असतात. नुसते भाषांतर केले असते तर चाचणीने शाळा मोजली असती.

पुढे ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ या आंतरराष्ट्रीय गटाने आणखी एक जोड दिली: रुग्णाच्या गुणांबरोबर घरच्यांची साक्षही मोजायची. पूर्वीसारखा व्यवहार जमतो का, रुग्ण माणसे ओळखतो का, घरचे काम अर्धवट सोडतो का. शिकलेले आणि न शिकलेले यांना एकाच तागडीत तोलण्यासाठी ही जोड मोलाची ठरली.

शेजारच्या कर्नाटकातला प्रयोग

खेड्यातल्या ज्येष्ठांसमोर प्रत्यक्ष संगणक ठेवण्याचे मोठे काम कर्नाटकात चालू आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातले मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात २०१८ पासून एक दीर्घ अभ्यास करत आहे. पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार ग्रामस्थांना वर्षानुवर्षे तपासत राहायचे, असा संकल्प आहे. फ्रान्समध्ये तयार झालेला ‘कॉग्निटो’ हा संगणकीय संच तिथे कन्नड आणि ग्रामीण परिस्थितीला जुळवून घेतला गेला.

या पद्धतीचे खरे बळ पुन्हा पुन्हा मोजण्यात आहे. एखाद्या शेतकऱ्याचे गुण बंगळूरुच्या निवृत्त प्राध्यापकापेक्षा कमी आले, यातून काही सिद्ध होत नाही. त्याच शेतकऱ्याचे गुण दोन-तीन वर्षांत घसरत गेले, तर मात्र लक्ष द्यायला हवे. माणसाची तुलना त्याच्याशीच केली की शिक्षणाचा आणि भाषेचा अडसर बराच सैल होतो.

मराठी कुठे आहे

लासीमध्ये महाराष्ट्रातल्या मुलाखती मराठीतून झाल्या आणि उत्तरे थेट लॅपटॉपवर नोंदवली गेली. दहा शब्द ऐकून पुन्हा सांगणे, प्राण्यांची नावे भराभर सांगणे, आकृती काढणे असे प्रश्न त्यात होते. लासी-डॅडमध्ये तीन तज्ज्ञांनी ऑनलाइन नोंदी पाहून आजाराची पायरी ठरवली. गावात कुणी मेंदूविकारतज्ज्ञ नसतानाही तज्ज्ञाचे मत मिळवण्याची ही रीत धाराशिवसारख्या जिल्ह्याला विशेष उपयोगाची आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीय भाषांसाठी प्रमाणित चाचणीसंच तयार केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या. मराठी त्यात नव्हती. कोट्यवधी लोकांच्या भाषेसाठी ही उणीव छोटी नाही. आणि ती भरताना पुण्या-मुंबईच्या मराठीवर थांबून चालणार नाही. शब्दांच्या यादीत असलेला शब्द परांड्याच्या आजोबांच्या रोजच्या बोलण्यात आहे का, हे परांड्यातच जाऊन पाहावे लागेल.

धाराशिवात पडदा ठेवला तर

पहिली गोष्ट शाळेची. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे राज्यकारभार आणि शिक्षण यांत उर्दूचे वर्चस्व होते. आज पंच्याऐंशीच्या पुढे असलेल्या काही जणांची पहिली अक्षरे उर्दूत गिरवलेली असू शकतात. त्या पिढीतल्या बहुतेक स्त्रियांना शाळाच मिळाली नाही. ‘शिक्षण किती वर्षे?’ या एका रकान्यात हा इतिहास मावत नाही.

दुसरी गोष्ट भाषांची. उमरगा तालुका कर्नाटकला लागून आहे. तिथे घरात मराठी, सोयरिकीत कन्नड आणि बाजारात दखनी असे सहज चालते. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवले की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती, आणि निरक्षरांमध्येही हा फरक होता. अशा माणसाला एकाच भाषेत शब्द सांगायला लावले आणि दुसऱ्या भाषेतला बरोबर शब्द चूक धरला, तर दोष चाचणीचा.

तिसरी गोष्ट काळाची. तारीख विचारली तर पुष्कळ जण अडखळतील. पण आज एकादशी आहे की नाही, घटस्थापनेला किती दिवस झाले, येळवस किती लांब आहे, हे त्यांना नेमके ठाऊक असते. तुळजाभवानीच्या नवरात्रावर वर्ष मोजणाऱ्या भागात तिथीचे उत्तर ग्राह्य धरायलाच हवे. संगणकात ही सोय आधीच करून ठेवावी लागते. परीक्षक माणूस असेल तर तो प्रसंग पाहून समजून घेतो. यंत्राला तेवढेच कळते, जेवढे त्यात घातले आहे.

चौथी गोष्ट शरीराची. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला चमकत्या काचेवरची फिकट आकृती दिसत नाही. कमी ऐकू येणाऱ्याला टॅबलेटमधला आवाज पोचत नाही. जन्मभर खुरपे धरून घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटांचा स्पर्श काही पडदे नीट ओळखत नाहीत. पहिल्या टेकण्याला काहीच झाले नाही की आजी दुसऱ्यांदा दाबतात, आणि यंत्र नोंदवते: उत्तर उशिरा. म्हणून आधी डोळे-कान तपासणे, चष्मा घालायला लावणे, खऱ्या चाचणीआधी भरपूर सराव देणे, आणि जमेल तिथे पडद्याऐवजी एक मोठे बटण देणे, ही चैन नव्हे. मापन खरे ठरण्याची ती अट आहे.

पाचवी गोष्ट जागेची. ओपीडीच्या गर्दीत, सून-मुलगा खांद्यावरून डोकावत असताना, ‘सांग ना आई, काल तर आठवत होतं’ असे कुणी म्हणत असताना घेतलेली चाचणी वाया जाते. यासाठी एक शांत खोली आणि रुग्णाच्या बोलीत बोलणारी प्रशिक्षित व्यक्ती हवी. जिल्ह्यात २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. मराठवाड्यातल्या निरक्षर, अर्धशिक्षित आणि बहुभाषक ज्येष्ठांचे सरासरी गुण किती येतात, याची पायाभूत नोंद तयार करण्याचे काम अशा महाविद्यालयाला साजेसे आहे. ती नोंद असल्याशिवाय पडद्यावरच्या आकड्याला इथे अर्थ नाही.

गुण कमी आले म्हणजे काय

संगणकाची चाचणी निदान करत नाही. ती फक्त पुढे तपासायला हवे असे सुचवते. गुण कमी येण्यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, अपुरी झोप, दारू किंवा चालू असलेली औषधे असू शकतात. यातल्या कित्येक गोष्टींवर उपाय आहेत. म्हणून रक्ततपासणी, मेंदूचे स्कॅन आणि घरच्यांशी सविस्तर बोलणे हा तपासणीचा गाभाच राहतो.

काहीच तक्रार नसलेल्या सरसकट सगळ्या ज्येष्ठांची अशी चाचणी घ्यावी का? अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा सल्लागार समितीने २०२० मध्ये सांगितले की त्याचा फायदा-तोटा ठरवायला पुरावा अपुरा आहे. मोबाइलवर ‘पाच मिनिटांत मेंदूचे वय’ सांगणाऱ्या खेळांकडे म्हणूनच करमणुकीपलीकडे पाहू नये.

निदान झाल्यावर काय, याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तिथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थानिक, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी ८१ कुटुंबांपैकी निम्म्यांच्या घरी जाऊन मदत केली आणि सांभाळणाऱ्यांवरचा मानसिक ताण कमी झाला. आशाताईंचे जाळे असलेल्या जिल्ह्यात हे अशक्य नाही. तोवर जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग, टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी एवढ्या वाटा उघड्या आहेत.

औषधचाचणीत सहभागी होण्यापूर्वी

धाराशिवचे रुग्ण तज्ज्ञांकडे सोलापूर, लातूर किंवा पुण्याला जातात. तिथे एखाद्या औषधचाचणीविषयी विचारणा झाली, तर घरच्यांनी या गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात.

१. भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत या चाचणीचा क्रमांक काय? १५ जून २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे.

२. संमतिपत्र मराठीत आहे का? रुग्णाला वाचता येत नसेल तर ते तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावे लागते. रुग्णाला समजण्याची क्षमता उरली नसेल तर कायद्याने मान्य प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते.

३. इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार? २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल चाचणी नियमांत ही जबाबदारी ठरवून दिलेली आहे.

४. स्मृतीची चाचणी कोणत्या भाषेत होणार, आणि आमच्या माणसाचे गुण कुणाच्या गुणांशी ताडून पाहणार?

५. टॅबलेटमधली माहिती कुठे साठवली जाते आणि ती कोण पाहू शकते?

६. दर भेटीला रुग्णाबरोबर कुणी यायचे? अशा चाचण्यांत रुग्णाची रोजची अवस्था सांगणारा एक जवळचा माणूस लागतोच. त्याच्या बुडालेल्या रोजगाराचा आणि प्रवासखर्चाचा प्रश्न आधीच विचारावा.

७. मध्येच थांबायचे ठरवले तर? सहभागातून केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

यातला चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारणारी कुटुंबे वाढली, की मराठवाड्यातल्या ज्येष्ठांसाठी वेगळी मोजपट्टी तयार करण्यावाचून संशोधकांना गत्यंतर राहणार नाही.